खिंडीतला चुडा

एकोणीसशे सत्तावन्न साल होतं. चैत्री पौर्णिमेचा दिवस. आमच्या भैरोबाची पालखी वाघजाईच्या खिंडीखाली, चढाच्या शेवटच्या वळणाआड टेकवून ठेवली होती, आणि सगळं गाव तिच्यामागे उन्हात गप्प बसलं होतं.

"गेनबा, हलगीला हात लावू नगं," माझे वडील हिंदुराव आमच्या हलगीवाल्याला म्हणाले.

"न्हाई लावत, अण्णा. पर बोटं वळवळत्यात."

"वळवळू देत. आधी त्यांची वाजू दे."

पुण्याच्या दक्षिणेला डोंगरांची जी रांग आडवी गेली आहे, तिच्या पायथ्याशी आमची टाकेवाडी. रांगेच्या अलीकडे हवेली तालुका, पलीकडे कऱ्हेपठार. पाऊस आमच्या अंगाला पडून संपायचा, म्हणून आमच्याकडे भात आणि त्यांच्याकडे बाजरी. आम्ही त्यांना 'पठारी' म्हणायचो, ते आम्हाला 'चिखलातले' म्हणायचे. पलीकडच्या उतारावर पिंपळसोंड नावाचं गाव. त्यांचाही भैरोबा, आमचाही भैरोबा. दोघे भाऊ, आणि खिंडीतली वाघजाई ही त्यांची बहीण. वर्षातून एकदा भाऊ बहिणीला भेटायला यायचे.

बहिणीच्या दारी जी पालखी आधी पोचेल ती घरची, जी मागून येईल ती पाहुणी. घरच्यांनी पाहुण्यांना नारळ-विडा द्यायचा आणि पहिला मान पाहुण्यांचा. कधी ते आधी पोचायचे, कधी आम्ही. कुणी मोजत नव्हतं. पण आदल्या वैशाखात वडिलांनी माझी थोरली बहीण मैना पिंपळसोंडच्या जयसिंगाला दिली, आणि लग्नात तिचे सासरे दत्तोबा पंगतीत म्हणाले, "चिखलातल्या लोकांचा भात मऊ, तसा मानपानही मऊच." सगळे हसले. वडीलही हसले. पण ते वाक्य त्यांनी वर्षभर जपून ठेवलं. या वेळी आपण पाहुणे व्हायचं, दत्तोबांच्या हातचा विडा घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. पलीकडे दत्तोबांनीही नेमकं तेच ठरवलं होतं.

म्हणून आम्ही वळणाआड बसलो होतो, त्यांची हलगी वर वाजण्याची वाट बघत. आणि ते पलीकडच्या वळणाआड बसले होते, आमची हलगी वाजण्याची वाट बघत.

मी, विजू, तेव्हा चौदा वर्षांची. आईला चिकटून बसले होते. आईच्या मांडीवर एक गाठोडं होतं. त्यात हिरवं लुगडं, खण, नारळ, तांदूळ, हळकुंड आणि हिरव्या बांगड्या. आमच्या दोन गावांतली रीत अशी, की डोंगरापलीकडे दिलेल्या मुलीची पहिली ओटी आईनं खिंडीत, वाघजाईसमोर भरायची. ती भरली की डोंगराची वाट तिला मोकळी. मग ती सणाला, बाळंतपणाला, कधीही माहेरी यावी. ओटी न भरता आली तर माहेराला बाधतं, असं मानायचे. तोवर मैनाला घरी येता येत नव्हतं, आणि तिला पाहून वर्ष होत आलं होतं.

दुपार कलली. वरून वारा आला आणि त्याबरोबर कुणाचातरी खोकला. सगळ्यांनी तो ऐकला आणि कुणीच ऐकला नाही.

आई वडिलांच्या दिशेनं वाकून म्हणाली, "अहो, ती मैनाची सासू खोकली. लग्नात चार दिस ऐकलाय म्या तो खोकला. हितंच हायेत ती माणसं."

"असतील."

"मग चला की वर."

"त्यांनी जावं आधी."

"मी जाते. पोरीची ओटी भरते न् येते."

"पालखीच्या पुढं बाईमाणूस जात न्हाई, बायडाबाई," वडील म्हणाले. ते चारचौघांत आईला नावानं हाक मारायचे तेव्हा बोलणं संपलेलं असायचं.

उन्हं उतरली तेव्हा पालखी उचलली आणि आम्ही खाली आलो. पलीकडचेही खाली गेले असणार. त्या वर्षी वाघजाईपुढे दिवा लागला नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या पारावर ठरलं, की पठाऱ्यांनी आपला देव उन्हात ताटकळत ठेवला. ते नारळ घेऊन खाली येतील तोवर खिंडीत कुणी पाय ठेवायचा नाही. पिंपळसोंडच्या पारावरही हेच ठरलं, फक्त आमच्या नावानं.

आई भांडली नाही. तिनं गाठोडं फडताळात वरच्या खणात ठेवलं. त्यानंतर वडिलांना जेवायला वाढताना ती ताट चुलीपाशीच ठेवायची आणि म्हणायची, "ठिवलंय. ताटानं पुढं यायचं का तुमी, ते तुमचं तुमी ठरवा."

वडील उठून ताट घ्यायचे.

*

डोंगर ओलांडणारा एकच माणूस उरला होता. दादामियाँ मणियार.

ते पुण्यात कसबा पेठेत राहायचे. नागपंचमीच्या आधी आणि संक्रांतीच्या आधी खांद्यावर कावड घेऊन निघायचे. कावडीच्या दोन टोकांना बांगड्यांच्या दोन पेट्या. अलीकडची गावं करत करत टाकेवाडीला यायचे, आमच्या पडवीत मुक्काम करायचे आणि सकाळी खिंड चढून पिंपळसोंडला उतरायचे. उंच, सडपातळ माणूस. दाढी मेंदीनं लाल झालेली. चढावर त्यांचा पाय इतका झपझप पडायचा की पेटीतल्या काचा किणकिणायच्यासुद्धा नाहीत.

बांगड्या भरताना ते हात आपल्या हातात घ्यायचे, बोटांची मुळं दाबत दाबत मऊ करायचे आणि म्हणायचे, "अंगठा आत. तळव्यात. असा. आता डोंगराकडं बघ." डोंगराकडं बघेपर्यंत बांगडी मनगटात गेलेली असायची. शेवटी एक बांगडी जास्तीची, ती त्यांच्याकडून. मग बाईनं त्यांना वाकून नमस्कार करायचा, मग ती पाटलीण असो की मोलकरीण. ही रीतच होती. ते डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, "भरल्या हातानं राहा."

त्यांचा एक नेम होता. या घरचं त्या घरी सांगायचं नाही. "माझ्या बापानं शिकवलंय," ते म्हणायचे. "मणियार माजघरात बसतो, बायकांचे हात हातात घेतो. त्यानं तोंड उघडलं की दुसऱ्या दिवशी त्याला उंबऱ्यावर उभं करत नाहीत."

सत्तावन्नच्या नागपंचमीला ते आले तेव्हा आईनं हात पुढे केला आणि विचारलं, "पल्याड जाणार न्हवं?"

"जाणार की. उद्या."

"संक्रांतीला गेला हुता तवा मैना कशी दिसली, म्हनून इचारत न्हाई म्या. तुमचा नेम ठावं हाय."

"नाही ना? मग झालं," दादामियाँ म्हणाले, आणि तिच्या हातात बांगड्या चढवत राहिले.

पुढच्या संक्रांतीला ते पुन्हा आले. आईनं विचारलंच नाही. माझे हात भरून झाल्यावर त्यांनी पेटीतून एक हिरवी बांगडी काढली आणि आईच्या मांडीवर ठेवली. लहान होती. शाळकरी मुलीला होईल अशी.

"ही कुनाची?" आई म्हणाली. "विजूला न्हाई व्हायची."

दादामियाँ पेटी आवरत होते.

"आमच्या मैनाला मोठी लागायची," आई सावकाश म्हणाली. "लग्नात तुमीच भरल्या हुत्या."

"हां. तेव्हा मोठी लागायची."

आई ती बांगडी दोन बोटांत धरून बसली. मला कळायला वेळ लागला. दादामियाँनी एक शब्दही इकडचा तिकडे केला नव्हता. मैनाचा हात किती वाळला आहे, तेवढं त्यांनी आईच्या मांडीवर ठेवलं होतं.

त्या चैत्रात कुठलीच पालखी वर गेली नाही. पावसाळ्यानंतर मंडईत भाजी घेऊन गेलेल्या गेनबाला पठारावरचा एक अंजीरवाला भेटला. त्याच्याकडून कळलं की मैना बाळंत झाली होती. अडली होती, आणि मूल हाती लागलं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ते सासरी झालं, तेही भर पेरणीत, घरात एकटी सासू.

गेनबानं हे आमच्या ओट्यावर उभं राहून सांगितलं. वडील गव्हाणीपाशी होते. त्यांनी हातातली वैरण बैलापुढे टाकली नाही; तशीच धरून ते डोंगराकडे बघत राहिले. आई आत गेली.

*

एकोणसाठच्या मार्गशीर्षात आई मला घेऊन भाजीच्या गाडीतून पुण्याला आली. मंडईत भाजी उतरवली आणि आम्ही चालत कसबा पेठेत गेलो. तिच्या हातात फडताळातलं ते गाठोडं होतं.

दादामियाँचं घर म्हणजे एक खोली आणि पुढे अरुंद ओटा. ओट्यावर त्यांची बायको अख्तरबानू बांगड्या निवडत बसली होती. फुटक्या एका सुपात, चांगल्या दोऱ्यात. तिची मराठी पक्की पेठेतली होती आणि जीभही.

"या, बसा," ती म्हणाली. "डोंगराखालच्या ना तुम्ही? गाडीच्या धुरळ्यावरून ओळखलं. अहो, बाहेर या. तुमचं गिऱ्हाईक चालून आलंय, नाहीतर तुम्हालाच चालत जावं लागतं."

दादामियाँ बाहेर आले. आईनं गाठोडं त्यांच्यापुढे ठेवलं.

"दादामियाँ, येवढं मैनाच्या पदरात टाका. संक्रांतीला जाल तवा खिंडीत तिला बोलवा न् वाघजाईपुढं टाका. माज्या हातचं हाय म्हना. देवी समजून घील."

दादामियाँनी गाठोड्याला हात लावला नाही. "बाय, मला हे सांगू नका."

"का?"

"मी डोंगराच्या दोन्ही बाजूंना जातो, कारण मी कुठल्याच बाजूचा नाही. हे गाठोडं उचललं की मी टाकेवाडीचा झालो. पिंपळसोंडला मला घरात कोण घेईल? आणि ओटी आईनं भरायची असते. माझ्या हातानं ती बाजारातली पिशवी होईल."

"मग म्या काय करू, ते तरी सांगा."

आई रडली नाही. तिनं फक्त गाठोड्याची गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधली.

अख्तरबानूनं हातातला दोरा खाली ठेवला. "यांचा नेम यांच्यापाशी," ती म्हणाली. "मी काही कुणाच्या माजघरात बसत नाही, म्हणून मला नेमही नाही. ते बघा कोपऱ्यात. हिरवा चुडा बांधून ठेवलाय ना, तो सातव्या महिन्याचा आहे. लहान हाताचा. पिंपळसोंडहून मागणी आहे."

"बानू," दादामियाँ म्हणाले.

"काय बानू? मी बांगड्यांचं बोलतेय."

आईनं कोपऱ्यातल्या पुडक्याकडे पाहिलं. "चैत्रात व्हईल म्हंजे," ती म्हणाली. "ह्या बारीलाबी तिथंच." आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखं, "न्हाई निभायची ती."

अख्तरबानूनं आम्हाला चहा दिला. परतताना दादामियाँ आम्हाला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आले. वाटेत एकदा थांबून, एका घराच्या पायरीवर हात टेकून, आपल्याच गुडघ्याकडे बघत राहिले, जणू तो आत्ताच त्यांच्या लक्षात आला होता.

*

संक्रांतीच्या आधी दादामियाँ आले ते लंगडतच. काठी टेकत. कावड एका मजुराच्या खांद्यावर होती. आमच्या पडवीत न बसता ते पारावर टेकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गुडघा गेला. पुण्यातल्या हकिमानं सांगितलंय, चढाव एकदाच, उतार एकदाच. घरोघर आता जमायचं नाही. उद्या खिंडीत बसतो. वाघजाईसमोरच्या दगडावर. ज्यांना संक्रांतीच्या बांगड्या भरायच्यात, त्यांनी वर यावं. पिंपळसोंडलाही तसाच निरोप धाडलाय."

"खिंडीत?" वडील म्हणाले.

"मग कुठं? टाकेवाडीत बसलो तर पल्याडच्यांनी डोंगर उतरायचा, आणि पिंपळसोंडला बसलो तर इकडच्यांनी. मध्ये बसलो की दोघांना सारखं."

"खिंडीत कुनी जायचं न्हाई असं ठरलंय गावाचं."

"मग नका येऊ," दादामियाँ नम्रपणे म्हणाले. "मी आपलं सांगून ठेवलं."

घरी आल्यावर वडील म्हणाले, "तू जायचं न्हाईस."

आई तीळ भाजत होती. "बरं."

वडिलांना इतक्या लवकर होकार अपेक्षित नव्हता. ते घुटमळले.

"दोनच उरल्यात हातात," आई म्हणाली. "त्याबी तडकल्यात. मोकळ्या हातानं वाण देते घ्या दारोदारी. बाया इचारतील, हिंदुरावांना काय झालं म्हनून. तुमी बाहीर या न् सांगा, की जिता हाय म्हनून."

मी तोंडावर पदर धरला. वडील बाहेर गेले. त्या संध्याकाळी टाकेवाडीच्या घराघरांत हेच बोलणं झालं असणार. गावानं खिंड बंद केली होती, पण बायकोला बांगड्या भरू नकोस असं सांगणारा पुरुष दोन्ही गावांत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळ्या बायका चढ चढलो. पुढे पालखी नव्हती. हलगी नव्हती. आई सगळ्यांच्या पुढे होती. लुगड्याच्या ओच्यात गाठोडं लपवलं होतं, आणि ते लपलेलं नव्हतं.

खिंडीत दादामियाँ दगडावर बसले होते, दोन्ही पेट्या उघडून. उन्हात काचा चमकत होत्या. पलीकडून पिंपळसोंडच्या बायका वर येत होत्या. दोन्हीकडच्या बायका देवळाच्या दोन बाजूंना थांबल्या. तीन वर्षं कुणी कुणाशी बोललं नव्हतं. आता सुरुवात कुणी करायची?

मग तो खोकला ऐकू आला. मैनाची सासू मैनाच्या खांद्याला धरून चढ चढत होती. मैना सहाव्या महिन्याची, पण पोट सोडलं तर अंगावर काहीच उरलं नव्हतं. सासूनं श्वास घेतला आणि दादामियाँना म्हणाली, "काय वो, कुठं डोंगरावर आनून बसवलंत? माजा दम गेला, न् हिचा पाय सुजलाय."

"माझा गुडघा, आक्का."

"गुडघा तुमचा, चढ आमचा." मग ती आईकडे वळली. "इहीणबाई, हुब्या काय ऱ्हायलाय? उरका की. मला पुन्यांदा चढवनार हाय का?"

आई पुढे गेली. पालखी नव्हती, त्यामुळे तिच्या पुढे जायचं की नाही हा प्रश्नच नव्हता. तिनं वाघजाईला हळद वाहिली, मैनाला समोर बसवलं आणि गाठ सोडली. तीन वर्षांत लुगड्याच्या घड्या पिवळ्या पडल्या होत्या. खण, तांदूळ, नवा नारळ, हळकुंड. मैनानं पदर पसरला. ओटी भरताना आई एवढंच म्हणाली, "चैत्राआधी यायचं. ऐकलं का?" आणि मैना मान हलवत राहिली.

गाठोड्यातल्या बांगड्या मात्र मोठ्या निघाल्या. लग्नाच्या मापाच्या. मैनाच्या मनगटातून त्या सरळ कोपरापर्यंत गेल्या आणि उतरून पडल्या.

"हिकडं ये," दादामियाँ म्हणाले. त्यांनी पेटीच्या तळातून ते पुडकं काढलं. कसब्यात कोपऱ्यात पाहिलेलं. "सातव्यात भरायच्या होत्या. सहाव्यात भरल्या तर वाघजाई रागवायची नाही. अंगठा आत. तळव्यात. डोंगराकडं बघ."

"कुठल्या अंगाच्या?" मैना म्हणाली. रडता रडता ती हसत होती.

"कुठल्याही बघ. डोंगर एकच आहे."

तोवर दोन्हीकडच्या बायका एकमेकींत मिसळल्या होत्या. कुणाची मावशी, कुणाची नणंद. तीन वर्षांचं बोलणं एका सकाळी उरकायचं होतं, त्यामुळे कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. बांगड्या भरताना काही फुटल्या, त्यांच्या काचा दगडाभोवती पडल्या. दादामियाँ मान वर न करता हात भरत होते.

घरी आलो तेव्हा वडील ओट्यावर होते. त्यांनी आईच्या हाताकडे पाहिलं. मग विचारलं, "पोरीचा भरला का हात?"

"भरला."

"कसा हाय?"

आईनं फडताळातून ती लहान बांगडी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती आपल्या दोन बोटांत घालून पाहिली. मग म्हणाले, "फाल्गुनात आनूया तिला."

त्या दिवशी आईनं ताट त्यांच्या पुढ्यात नेऊन ठेवलं.

फाल्गुनात मैनाला आणायला वडील उजाडायच्या आत निघाले. मी बरोबर होते. खिंडीत कुणीच नव्हतं. त्यांनी वाघजाईपुढचा पाचोळा झाडला, दिवा लावला आणि उपरण्यातून नारळ आणि विडा काढून दगडावर ठेवला. खूप उशिरा दत्तोबा मैनाला घेऊन वर आले. वडिलांना आधीच बसलेलं पाहून ते थबकले.

"लवकर आलासा," दत्तोबा म्हणाले.

"हां. आधी आलो," वडील म्हणाले, आणि विडा पुढे केला. "घ्या, पाव्हनं."

दत्तोबांनी विडा घेतला. बराच वेळ तो हातात फिरवला आणि म्हणाले, "भात मऊच असतो तुमचा. पर पोटाला बरा."

*

मैनाला चैत्रात मुलगा झाला, मच्छिंद्र. त्या वर्षी दोन्ही पालख्या वर गेल्या. कोण आधी पोचलं ते मला आठवत नाही. आई आठवून सांगायची, पण दर वेळी वेगळं.

दादामियाँना मात्र गुडघा बरा करता आला नाही. एकदा सांगून बसल्यावर दोन्ही गावांत लंगडणं भाग होतं. ते दर संक्रांतीला आणि नागपंचमीला खिंडीतच बसत राहिले. एकदा कॉलेजच्या फीसाठी मी पुण्याला आले होते, तेव्हा कसब्याच्या गल्लीत ते मला दिसले. दोन्ही खांद्यांवर ओझं घेऊन, झपझप, जुन्या चालीनं. मला पाहिलं आणि दोन पावलं टाकून ते लंगडायला लागले. मी नमस्कार केला. "गुडघा कसा आहे?" "आहे तसाच." आम्ही दोघंही हसलो नाही.

तोवर एसटी गावात आली होती आणि तिच्यातून दुसरे बांगडीवाले. ते घरोघर जायचे. खिंड चढून कोण जाणार? आधी तरुण बायका यायच्या थांबल्या, मग इतर. शेवटी आई आणि मैनाची सासू अशा दोघीच चढायच्या, दोन बाजूंनी, एक खोकत आणि दुसरी, वर भेटली की, तिला टोमणे मारत. पुढे दादामियाँचा गुडघा खरोखरच दुखू लागला. तेव्हा अख्तरबानू म्हणाली, "इतकी वर्षं हाका मारत होतात. आला शेवटी."

दत्तोबा बहात्तरच्या दुष्काळात गेले. वडील त्यांच्या दहाव्याला पिंपळसोंडला जाऊन आले आणि पुढच्याच वर्षी तेही गेले. आईनं त्या दिवशी हातातल्या बांगड्या स्वतःच उतरवल्या, एकही न फोडता, आणि सुपात ठेवल्या. गेनबाची हलगी देवळात टांगलेली होती. चामडं उंदरांनी खाल्लं. दादामियाँ पंच्याहत्तर साली वारले. त्यांच्या मुलानं, अय्युबनं, कसब्यातच दुकान काढलं. अख्तरबानू तिथे गल्ल्यावर बसायची आणि डोंगराखालचं कुणी आलं तर एक बांगडी जास्त द्यायची. आता ते दुकान त्याचा मुलगा चालवतो. मोबाइलची कव्हरंही विकतो. मी नर्स झाले, पुण्यातच नोकरी केली, पुण्यातच लग्न केलं. टाकेवाडी आता महानगरपालिकेत आहे. आमच्या भातखाचरावर ज्या इमारती झाल्या, त्यांतल्या एकीच्या चौथ्या मजल्यावर मी राहते. पलीकडेही प्लॉट पडले आहेत. डोंगराच्या दोन्ही बाजूंना आता एकाच रंगाचे फलक आहेत.

जयसिंगभावजी जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मैना मच्छिंद्रकडे असते. गेल्या संक्रांतीला तो आम्हा दोघींना गाडीतून खिंडीत घेऊन गेला. रस्ता थेट वाघजाईपर्यंत झाला आहे. मी देवळात गेले. परत आले तेव्हा मैना दगडासमोर जमिनीवर बसली होती आणि काठीनं माती उकरत होती.

"बघ," ती म्हणाली. मातीत हिरव्या काचांचे बारीक तुकडे होते. खूप. काठी लावेल तिथे निघत होते.

"ताई, वर दगडावर बस," मी म्हटलं. "खाली गार आहे."

"तिथं नगं," ती म्हणाली. "तिथं ते बसायचं."

मच्छिंद्रनं गाडीचा हॉर्न वाजवला. मैना उठली नाही. तिचा मोकळा हात गुडघ्यावर होता, दगडाच्या दिशेनं थोडा पुढे केलेला, बोटं जुळवलेली, आणि अंगठा आत, तळव्यात मुडपलेला. ती डोंगराकडे बघत होती.